आधी हाताने, मग पान्याने

सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर हल्ली एक पाटी हमखास दिसते : 'दहा मिनिटांत ऑइल चेंज'. कुठे ती पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात असते, कुठे ऑइल विकणाऱ्या दुकानाच्या पायरीशी, कुठे नव्या रंगवलेल्या शेडवर. गाडी उभी करायची, डबा निवडायचा, पैसे द्यायचे. मजुरी माफ. दहा मिनिटे म्हटले तरी बहुधा सहा-सात मिनिटांतच गाडी हातात मिळते आणि गिऱ्हाईक खूश होऊन निघून जाते. माझे बालपण एका गॅरेजच्या आसपास गेले. त्यामुळे ही पाटी वाचली की त्या सहा-सात मिनिटांत काय काय गाळले गेले असेल, याचाच हिशेब माझ्या मनात सुरू होतो.

माझे मामू मेकॅनिक होते. १९८० च्या दशकात त्यांचे गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा आणि दारात लिंबाचे झाड. जीप, मॅटॅडोर, अँबेसिडर, कधीमधी एखादा ट्रक. शाळेला सुट्टी लागली की अम्मी मला तिकडे पाठवायची. तिथे तीन-चार शागिर्द असायचे. नव्या पोराच्या हाती पहिले काही महिने पाना येत नसे. हत्यारे चिंधीने पुसायची, पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे, नट-बोल्ट मापाप्रमाणे डब्यांत लावायचे. बारा, चौदा, सतरा नंबरचा पाना डोळे मिटून बोटांनी ओळखता आला की पहिली परीक्षा पास. मग पहिले खरे काम मिळायचे, ते ऑइल बदलण्याचे.

पण ते एकट्याने करू देत नसत. मामू खड्ड्याच्या काठावर बसून बघत असायचे. त्या कामाचा क्रम मला अजून पाठ आहे. आधी गाडी थोडी फिरवून आणायची, कारण गरम तेल पातळ होते आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन बाहेर पडते. मग चेंबरचा नट सोडवायचा. धार थांबली म्हणजे तेल संपले असे समजायचे नाही, शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघायची. तेवढ्यात नट पुसायचा आणि त्यावरचे तेल दोन बोटांत चोळून बघायचे. खरखर लागली, चकाकणारा भुगा दिसला, तर आत काहीतरी झिजते आहे. मालकाला तसे सांगायचे. नटाखालचा तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की तो पुन्हा नीट बसत नाही, म्हणून दर वेळी नवा घालायचा. फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून बघायचे. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावायचे, फिल्टर हातानेच फिरवायचा आणि रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. मग चेंबरचा नट. इथे मामूंचा आवाज चढायचा.

"पहिले हात से, फिर पाने से!"

नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवायचा. तो सरळ बसला असेल तर लोण्यासारखा फिरतो. तिरका बसला असेल तर बोटाला लगेच कळते आणि थांबता येते. पाना लावला की हे कळणे संपले. पाना जोर करतो आणि तिरका नट तसाच आत रेटतो. "चूडी मर गई तो चेंबर गया," मामू म्हणायचे. नट लोखंडाचा आणि चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर मरतो तो चेंबरचाच आटा. नट घट्ट झाला की थांबायचे, ताकद दाखवायची नाही. शेवटी तेल भरायचे, काडीवर पातळी बघायची, इंजिन मिनिटभर सुरू करून बंद करायचे, थोडे थांबून पुन्हा काडी बघायची आणि खाली वाकून एकही थेंब गळत नाही याची खात्री करायची. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागे. गिऱ्हाईक लिंबाखाली चहा पीत बसायचे. घाई कोणाला नव्हती असे नाही, पण एवढा वेळ लागतोच हे दोघांनाही मान्य होते.

इंजिनात तेलाचे काम काय, हे लोकांना मोघम माहीत असते. दोन धातूंच्या मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो, म्हणून ते एकमेकांना खात नाहीत. तेच तेल उष्णता वाहून नेते आणि जळणाची काजळी, धातूचा भुगा स्वतःत धरून ठेवते. साध्या मोटारसायकलला हे तेल एक लिटरच्या आसपासच लागते. बाजारात ८०० आणि ९०० मिलीचे डबे मिळतात ते त्याच हिशेबाने. एवढ्याशा तेलावर सगळे इंजिन उभे असते. ते कमी पडले तरी नुकसान आणि जास्त झाले तरी नुकसान. मोटारीत पातळी फार वर गेली तर फिरता क्रँक तेल घुसळतो, त्याला फेस येतो, आणि फेसाने पडदा धरला जात नाही.

सोलापूरच्या गल्लीबोळांत ऑइल बदलणे हा स्वतंत्र धंदा तसा अलीकडचा. पूर्वी घरोघरी टू-स्ट्रोक स्कूटर होत्या. त्यांचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते जळून जायचे. बदलायचे ते फक्त गिअरचे ऑइल. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००० नंतर ॲक्टिव्हासारख्या फोर-स्ट्रोक स्कूटर आल्या, आणि काही हजार किलोमीटरला इंजिन ऑइल बदलणे घरोघरचे काम झाले. गाड्या वाढल्या, गिऱ्हाइकांची घाई वाढली. दुकानदारांच्या लक्षात आले की दुरुस्ती करण्यापेक्षा डबा विकणे सोपे. ज्याच्याकडे मेकॅनिक नव्हता त्यानेही एक पोरगा, एक पाना आणि एक घमेले आणून ठेवले.

ही कल्पना मुळात अमेरिकेत वाढली. १९७० च्या दशकात तिथे झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांच्या साखळ्या पसरल्या. गाडी खड्ड्यावर उभी राहते. एक जण खालून तेल सोडतो, दुसरा वरून भरतो. खालच्याने नट लावला आहे असे समजून वरच्याने भरायला सुरुवात करावी आणि नवे तेल सरळ खड्ड्यात जावे, असे प्रकार तिथेही होतात. फिल्टरची जुनी रिंग तशीच राहून तिच्यावर दुसरी बसणे आणि इंजिन सुरू झाल्यावर दाबाने सगळे तेल बाहेर फेकले जाणे, हा तर तिथल्या मेकॅनिकांना तोंडपाठ असलेला दोष आहे. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका टीव्ही वाहिनीने अशा दुकानांत छुपे कॅमेरे लावून गाड्या पाठवल्या, तेव्हा न केलेल्या कामाचे पैसे घेतले जात असल्याचे दिसले. तेव्हा हा दोष एका गावाचा नाही, एका जमातीचा तर नाहीच नाही. जिथे काम विकण्याऐवजी वेग विकला जातो, तिथे तो येतोच.

जमातीचा उल्लेख मी उगाच केला नाही. माझ्या शाळेतल्या एका सहशिक्षिका माहेरी मोहोळला निघाल्या होत्या. जाण्याआधी रस्त्यातच त्यांनी स्कूटरचे ऑइल बदलून घेतले. पुणे रस्त्याला कोंडीच्या अलीकडे गाडीतून आधी घरघर आली आणि मग गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून त्या वाचल्या. खाली बघितले तर ड्रेनचा नटच नव्हता. तो रस्त्यात कुठेतरी पडला होता आणि तेल त्याच्यामागून गळून गेले होते. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये अडकला होता. दुकानदाराने कानांवर हात ठेवले. म्हणाला, आमच्याकडून गेली तेव्हा गाडी चांगली होती. शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये पिस्टन आणि सिलिंडर बदलावे लागले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. एक जण हसत म्हणाले, "पंक्चरवाल्यांच्या पोरांकडून इंजिनचं काम करून घेतलं की असंच व्हायचं." बाई चटकन म्हणाल्या, "सर, नट कोणाच्या जातीचा नसतो." विषय तिथेच संपला, पण तो शब्द माझ्या कानात राहिला. 'पंक्चरवाला' ही आता शिवी झाली आहे. कोणाला उद्देशून झाली आहे, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. रस्त्यावर अडकलेल्या माणसाला पुन्हा चालते करणारे हे काम. त्याच्यावरून हिणवणाऱ्यांची गाडीही कधीतरी भर उन्हात टपरीपाशीच उभी राहते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही वाहनदुरुस्तीच्या क्षेत्रात मुस्लिमांचे प्रमाण लक्षणीय असल्याची नोंद केली आहे. आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत चूल पेटते ती याच कामावर. म्हणून त्या टोमण्यापेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक बोचली. नट खरोखरच नीट लावलेला नव्हता. शिवी खोटी असली तरी नट सैल होता, ही गोष्ट खरी होती.

चौकशी केली तेव्हा कळले की तो नट लावणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले. अब्बा विडी कारखान्याच्या गोदामात हमाल, घरात दोन लहान बहिणी. आता तो एकोणीस वर्षांचा आहे. मी संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. तो घाबरला होता. वाटले, मी जाब विचारायला आलो आहे. मी त्याला चहाला घेऊन गेलो.

"सर, शनिवार-रविवारी चाळीस गाड्या होतात," तो म्हणाला. "एकीचा नट लावतोय तोवर दुसरीवाला हॉर्न मारतो. शेठ म्हणतो, थेंब गळेपर्यंत थांबू नको, अर्धा कप राहिलं तर काय बिघडतं?"

नवा वायसर घालतोस का, असे विचारले. दुकानात वायसर ठेवलेलेच नाहीत, असे त्याने सांगितले. नट हाताने लावतोस की पान्याने? तो म्हणाला, हवेवर चालणाऱ्या गनने. गन एका सेकंदात नट बसवते. कधी जास्त आवळते, आटे जातात. मग पुढच्या वेळी नट धरत नाही, म्हणून तो थोडा सैलच ठेवावा लागतो. त्या स्कूटरचे तेच झाले असावे. आटे आधीच कोणीतरी मारलेले होते, आणि 'याचा आटा गेला आहे, लेथवाल्याकडून नवा करून घ्या' हे गिऱ्हाइकाला सांगायची त्याला परवानगी नव्हती. असे सांगितले की भांडण होते, वेळ जातो, आणि आटा आमच्याच माथी येतो, असे शेठचे म्हणणे.

मग मी विचारले, कोणत्या गाडीला कोणते तेल घालतोस? त्याने बॅरलकडे बोट दाखवले. डब्याचे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी २१० लिटरच्या बॅरलमधले सुटे तेल, स्कूटर असो, मोटारसायकल असो की कार. डब्यावरचे १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० हे आकडे तेल थंडीत आणि गरमीत किती घट्ट-पातळ राहते ते सांगतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो आणि कारचे जास्त गुळगुळीत तेल त्यात गेले तर क्लच घसरू शकतो. म्हणून जपानी मानकाप्रमाणे 'जासो एमए' लिहिलेले तेल त्यासाठी वेगळे असते. हे ऐकून तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणून लोक परत येऊन क्लच घसरतो म्हणतात होय!" तीन वर्षे ही तक्रार तो ऐकत होता. तिचे कारण त्याला त्या दिवशी कळले.

निघणारे काळे तेल कुठे जाते, हेही विचारले. सेंटरिंगवाले येऊन घेऊन जातात, पाट्यांना लावायला. उरलेले गटारात. वास्तविक वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. कागद दिल्लीत बदलला, पण गटार आपल्या मोहल्ल्यातून वाहते.

घरी येताना मी विचार करत होतो, यात दोषी कोण? शेठ म्हणतो, गिऱ्हाईक थांबत नाही. गिऱ्हाईक म्हणते, पाटीवर दहा मिनिटे लिहिले आहे. पोरगा म्हणतो, मला सांगितले तेवढे मी करतो. तिघांचेही काही अंशी खरे आहे. पण तिघांत तोटा सर्वांत जास्त कोणाचा होतो? बाईंची गाडी दुरुस्त झाली. शेठचे दुकान चालूच आहे. पोराची तीन वर्षे मात्र गेली. या तीन वर्षांत त्याने हजारो गाड्यांचे तेल बदलले असेल, पण एकदाही इंजिन उघडलेले बघितले नाही. मामूंच्या शागिर्दाला ऑइल बदलणे ही पहिली पायरी होती. या पोरासाठी तीच पायरी म्हणजे अख्खा जिना.

आणि हा जिनाही फार दिवस टिकणारा नाही. रस्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर वाढत चालल्या आहेत. त्यांना इंजिनच नाही, तर इंजिन ऑइल कुठले? ज्याला गाडी कशी चालते हे समजले आहे, तो उद्या मोटर आणि बॅटरीही समजून घेईल. मामूंच्या हाताखालची माणसे कार्बोरेटरवरून फ्युएल इंजेक्शनवर गेलीच की. ज्याला फक्त नट सोडवणे आणि नट आवळणे येते, त्याच्या हातून तेवढेही निघून जाईल. तेव्हा त्याला 'पंक्चरवाला' म्हणणारे असतीलच, पण त्याच्या हाती पंक्चरचेही काम नसेल.

उस्ताद-शागिर्दाची जुनी पद्धत सोन्याची होती, असे मी म्हणणार नाही. मामूंच्या गॅरेजमध्ये दहा-अकरा वर्षांची पोरे असायची. त्यांना चपराकी बसायच्या, पगाराच्या नावाने ईदचे कपडे आणि जेवण. शाळा सुटायची ती कायमची. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामावर ठेवण्यावर २०१६ च्या कायदादुरुस्तीने बंदी आली, हे चांगलेच झाले. चपराक गेली, जाऊ दे. पण खड्ड्याच्या काठावर बसून बघणारा माणूसही तिच्याबरोबर गेला, ते वाईट झाले. त्या माणसाची जागा भरून काढायला आज वाटा आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या कायद्याखाली उमेदवारीची सोय आहे. मोहल्ल्यातल्या जमातखान्यात, शादीखान्यात आपण किती कार्यक्रम घेतो. महिन्यातून एक रविवार एखाद्या जुन्या मेकॅनिकला बोलावून चार पोरांसमोर एक इंजिन उघडायला काय हरकत आहे?

दुकानदाराला फार काही करायचे नाही. वायसरचा एक डबा आणि नट किती आवळायचा ते दाखवणारा एक टॉर्क पाना, एवढा खर्च एका बिघडलेल्या इंजिनपेक्षा कमीच आहे. पाटीवर दहाऐवजी पंचवीस मिनिटे लिहिली तर काही गिऱ्हाइके जातील, पण जी थांबतील ती परत येतील. आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही थोडे शिकायला हवे. गाडी लावून मोबाइलमध्ये डोके घालण्यापेक्षा खाली वाकून बघावे. नवा वायसर घातला का, काडी दाखवतोस का, असे दोन प्रश्न दमात न घेता विचारावेत. पोराला घाई नको, मी थांबतो, एवढे म्हटले तरी त्याचा हात शांत होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. मामू म्हणायचे, गिऱ्हाईक गाडीची चावी देते तेव्हा अमानत देते. इंजिनच्या खाली काय केले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणूनच तिथे लावलेला नट हा मेकॅनिकच्या इमानाचा असतो. मजुरी हलाल होते ती तिथे.

माझ्या विद्यार्थ्याची मी मामूंच्या एका जुन्या शागिर्दाशी गाठ घालून दिली. त्यांचे स्वतःचे गॅरेज आहे, वय साठीच्या पुढे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो त्यांच्याकडे जातो. पगार नाही, चपराकही नाही. दोन महिन्यांनी तो मला रस्त्यात भेटला. नखांत काळे होते आणि चेहरा फुललेला.

"सर, काल स्प्लेंडरचं क्लच कव्हर खोललं. त्याच्या आत तेल साफ करणारी एक फिरती वाटी असते, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होते, पण मी म्हटले, "सांग."

"तिच्या कडेला चिखलासारखा काळा थर बसलेला असतो. चाचांनी तो मला हाताने काढायला लावला. इतकी वर्षं मी याच गाडीचं तेल बदलतोय सर, आणि ही जागा काल पहिल्यांदा बघितली."